व्हय न कळणारा खेळ

गोष्टींचे खेळ लिहायचे असतील तर नवख्यानं कुठलं साधन घ्यावं, असं मला अजून लोक विचारतात. म्हणजे ते खेळ, ज्यांत चित्र नसतं, नुसता मजकूर असतो, आणि पुढं काय करायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं असतं. त्यावर बोलायचा मला हक्क आहे, कारण नव्वदीच्या मधल्या वर्षांत रोह्यात बसून मी एकामागून एक साधनं हाताळली, आणि पहिल्याच साधनानं माझ्या आईला चारचौघांत गप्प केलं. साधनाच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही म्हणा. लिहिणारी मीच होते.

रोह्याच्या बाजारपेठेत एका औषधाच्या दुकानावरच्या माडीत आमचा कॉम्प्युटर क्लास होता. तीन मशीन, एक प्रिंटर, आणि चपला जिन्यातच काढायच्या हा नियम. क्लासचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांची ठाम समजूत होती की धुळीतून कॉम्प्युटरला व्हायरस होतो. मी तिथं शिकवायला होते. शिकवायला म्हणजे टायपिंग. मला बेसिक येत होतं, म्हणजे प्रोग्राम लिहायची ती पहिलीवहिली भाषा, आणि सरांपेक्षा बरं येत होतं. पण प्रोग्रामिंगची बॅच सर स्वतःकडे ठेवायचे आणि मला म्हणायचे, "मॅडम, तुम्ही मुलींची बोटं बसवा." मी तेवीस वर्षांची होते आणि माझं डोकं तापट होतं. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, डोकं मात्र आहे तसंच आहे.

क्लासला तीन वर्षं होणार होती. सरांच्या मनात आलं, गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलवावं, कॉम्प्युटर काय काय करतो ते दाखवावं. "काहीतरी मराठीतलं पाहिजे," ते म्हणाले. मी म्हटलं, मी गोष्टीचा खेळ करते. मी तसा एक खेळ कॉलेजात असताना पाहिला होता, इंग्रजीतला. स्क्रीन सांगते तुम्ही कुठं आहात, तुम्ही लिहायचं काय करता, आणि गोष्ट तुम्ही न्याल तिकडं जाते.

"म्हणजे चित्र नाहीच?" सर म्हणाले.

"नाही."

"मग खेळ कसला, निबंधच झाला की."

मी म्हटलं, बघाच तुम्ही. आता बोलून तर बसले होते, पण गोष्ट कशाची करायची याचा पत्ता नव्हता. जुना किल्ला, खजिना, चोरवाट असं काहीतरी दोन दिवस लिहून पाहिलं. वाचून माझी मलाच झोप आली.

गोष्ट मिळाली ती घरी. आम्ही तेव्हा कुंडलिका नदीच्या पलीकडं अष्टमी गावात राहायचो. बाबा कंपनीत फिटर होते, त्यांच्या शिफ्टवर आमचं घर चालायचं. आई ओट्यावर सुका जवळा निवडत बसलेली असताना मी सहज विचारलं, तू लहानपणी आजोबांना डबा घेऊन जायचीस ना, तो रस्ता कसा होता? आईचं माहेर पेणच्या खाली, खाडीकडं. आजोबा मिठागरात कामाला. आई रोज त्यांची भाकरी घेऊन बांधाबांधानं आगरात जायची, आणि भरतीच्या आत पोचायला लागायचं.

मग जी सुरू झाली ती थांबेचना. कुठं बांध खचलाय, कुठं उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला बसवलेली झडप, तिथून उडी मारून जायचं की वळसा घालून. वळसा घेतला तर पाणी गाठणार. उडी मारली आणि पाय घसरला तर गुडघाभर गाळ, आणि भाकरी गाळात. "येक डाव तं कालवानच सांडला," आई म्हणाली, "कोरडी भाकर नेली बापाला. बाप बोलला, आज मासली लय बारीक हाय गो, दिसत पन नाय." ती स्वतःच हसली. मी हातातलं पेन आपटलं आणि म्हटलं, आई, हाच माझा खेळ.

खरंच, आणखी काय पाहिजे? दर वळणाला दोन वाटा, पाणी चढतंय, बाप उपाशी आहे. मी रोज संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बसायला लागले. ती घरापासून उघाडीपर्यंत पोचली होती. पुढचा, आगरापर्यंतचा रस्ता हळूहळू सांगणार होती. "घाई नको करू," ती म्हणायची, "वाट काय पलून जातंय?" ते दिवस फार चांगले होते. इतकी वर्षं मी तिची लेक होते, पण तिच्याजवळ बसून ऐकलं असं कधी झालं नव्हतं.

खेळ मी बेसिकमध्ये लिहिला. बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा असतो. दहा, वीस, तीस असे द्यायचे, म्हणजे मध्ये काही घालायचं झालं तर जागा राहते. माझी जागा तिसऱ्याच दिवशी संपली, कारण आईला रोज नवीन काहीतरी आठवायचं. सगळे नंबर आपोआप नव्यानं लावणारी एक आज्ञा असते, ती मला सहा महिन्यांनी कळली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. स्क्रीनवर मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहिला. खेळणाऱ्यानं हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं. हो आलं की एका ओळीवर उडी, नाही आलं की दुसऱ्या. आणि तिसरंच काही आलं तर मशीन म्हणणार, "समजलं नाही. पुन्हा सांगा."

त्यातही मी माझा स्वभाव घातला. क्लासातली टवाळ पोरं काहीही शिव्या टाईप करून बघणार हे मला माहीत होतं. म्हणून ओळीनं तिसऱ्यांदा चुकीचं उत्तर आलं तर मशीन म्हणणार, "नीट बोला." ते लिहून झाल्यावर मी एकटीच हसले होते. फार चुरचुरीत झालंय असं वाटलं होतं.

तो दिवस उजाडला. माडीत खुर्च्या मांडलेल्या, बाजारातले व्यापारी, दोन डॉक्टर, शाळेतल्या बाई, सगळे जिन्यात चपला काढून अनवाणी. आईला मी आग्रहानं आणलं होतं. तिची गोष्ट, तिनं पाहिली पाहिजे. तिनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. सर म्हणाले, "मॅडमच्या मातोश्रींनाच पहिला मान," आणि आईला मशीनसमोर बसवलं.

आईला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. म्हणून आमचे एक विद्यार्थी शेजारी बसले. खांब गावाहून येणारे हे दादा, कंपनीत ऑपरेटर, पहिली शिफ्ट संपवून थेट क्लासला यायचे. फार सरळ माणूस. जे दिसेल ते मोठ्यानं वाचणार, जे सांगाल ते तसंच टाईप करणार, काना मात्रा इकडचा तिकडं नाही.

दादांनी वाचलं, "तुम्ही बांधावर आहात. समोर उघाडी आहे. पाणी घोट्याएवढं आहे. पाण्यातून जाणार का?"

आई खुदकन हसली. "व्हय. घोट्याएवढ्या पान्याला कोन भितंय?"

"मावशी, एवढं सगळं लिहू?"

"नको. व्हय लिव."

दादांनी एकेक बटण शोधून टाईप केलं. व्ही, एच, ए, वाय. आणि वाचलं, "समजलं नाही. पुन्हा सांगा."

आईला वाटलं मशीनला कमी ऐकू येतं. ती पुढं वाकली आणि मॉनिटरजवळ तोंड नेऊन म्हणाली, "व्हय, जातंय." लोक हसले, तीही हसली. दादांनी परत टाईप केलं. समजलं नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता आणि मी खुर्च्यांमधून वाट काढत पुढं निघाले होते, पण दोन डॉक्टर आणि एक व्यापारी ओलांडेपर्यंत तिसरं व्हय गेलेलं होतं.

"नीट बोला," दादांनी वाचलं. वाचून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचलं ते.

सगळी माडी हसली. वाईट हेतूनं कोणी हसलं नाही, हे मी आजही सांगेन. सर म्हणाले, "बघा मंडळी, मशीनसुद्धा शुद्ध मराठी मागतं," आणि त्यावर आणखी हसू झालं. आईनं पदर तोंडाला लावला. मग उठली. मी पोचले तेव्हा ती जिन्याशी होती, चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधत. मला म्हणाली, "तुझं चालू दे. मी येते हं."

ती आयुष्यात कधी 'येते' म्हणाली नव्हती. ती 'येतंय' म्हणायची.

खेळ लोकांना फार आवडला. शाळेतल्या बाई चार वेळा गाळात पडल्या आणि पाचव्यांदा उघाडी पार केली. सरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून प्रोग्रामिंगची बॅच मॅडम घेतील. महिनाभर आधी ऐकलं असतं तर मी जिन्यावरून नाचत उतरले असते. त्या दिवशी मी पुलावरून घरी चालत गेले आणि वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत राहिले.

घरी आई स्वयंपाक करत होती. रागावलेली अजिबात नव्हती. मी म्हटलं, "भात टाकलास?" ती म्हणाली, "हो."

मी म्हटलं, "नळाला पाणी आलं?" ती म्हणाली, "नाही. अजून आलेलं नाही."

एरवी ती म्हणाली असती, 'नाय गो, कुटं आयला पानी?' आणि वर नळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या होईल ठीक. उद्या झालं नाही. परवाही नाही. माझ्याशी ती हो आणि नाही बोलायला लागली, बँकेतल्या कारकुनाशी बोलावं तसं. बाबांशी मात्र पूर्वीसारखंच. बाबा शिफ्टवरून आले, जेवायला बसले, आणि तिनं मला "तुला आणखी वाढू का?" असं विचारलेलं ऐकून त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "कोन पावना आयला हाय काय घरान?"

मी शेवटी चिडले. "आई, तू अशी काय बोलतेस माझ्याशी?"

"नीट बोलते," ती म्हणाली. शांतपणे. टोमणा मारायचा तिचा स्वभावच नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मला रडू आलं की मी भांडी आपटते. त्या संध्याकाळी बरीच भांडी आपटली. कारण ते दोन शब्द मी मशीनमध्ये पहिल्यांदा लिहिले नव्हते. आठवीत असताना, रोह्याच्या शाळेत, फाटकापाशी मैत्रिणींबरोबर उभी असताना आई मला विसरलेली वही द्यायला आली होती. ती काहीतरी म्हणाली, आणि मी दबक्या आवाजात म्हटलं होतं, आई, नीट बोल ना. त्यानंतर ती शाळेत कधी आली नाही. मीही कधी विचारलं नाही, सोयीचंच होतं मला. व्हय ऐकतच मी मोठी झाले, आणि प्रोग्राम लिहिताना तो शब्द मला आठवला नाही याची मला खरोखर लाज वाटली. मला बॅच वगैरे काही नको होतं. मला माझी आई पूर्वीसारखी बोलायला हवी होती.

मग मी माझ्या परीनं दुरुस्तीला लागले. माझ्या परीनं म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करायला. बोलायला जीभ रेटत नव्हती.

आधी बेसिकमध्येच व्हय घातलं. सोपं वाटलं होतं. पण इंग्रजी अक्षरांत व्हय प्रत्येकजण वेगळं लिहितो. क्लासातल्या मुलींना लिहायला सांगितलं तर अकरा मुलींनी नऊ तऱ्हांनी लिहिलं. मग होय, हां, हाय, जातंय, चल, आणि एकीनं 'तर काय'. नायचेही तितकेच. ओळींचा नुसता गुंता झाला. तरी केलं. केलं आणि आईला म्हटलं, चल ना, एकदा बसून बघ, आता समजतं त्याला. ती म्हणाली, "मला वेळ नाही." पालथ्या घड्यावर पाणी.

खांबच्या दादांना त्या दिवसाचं फार वाईट वाटत होतं, जसं काही त्यांनीच ते लिहिलं होतं. त्यांचा मुंबईचा चुलतभाऊ कॉम्प्युटरवाला. त्याच्याकडून त्यांनी एक फ्लॉपी आणली, त्यात खास असे खेळ लिहायचंच एक परदेशी साधन होतं. सोबतची माहिती आम्ही प्रिंटरवर काढली तर कागद टेबलावरून उतरून जिन्यापर्यंत गेला. फार हुशार साधन होतं, अख्खी वाक्यं समजायचं. मात्र इंग्रजी. आणि त्याची एक अट, दिशा सांगायच्या. उत्तरेला जा, पूर्वेला जा. दादा म्हणाले, "मॅडम, नॉर्थ म्हणजे कोलाडकडं धरायचं की कसं?" मी म्हटलं, मलाही सांगता यायचं नाही. आमच्याकडं उत्तर दक्षिण फक्त देवळाच्या पाटीवर असते, दक्षिणमुखी मारुती म्हणून. माणसं 'वर' जातात आणि 'खाली' जातात. हे त्या साधनाला समजवायचं तर आधी मला ते साधन समजायला हवं होतं. आठवड्यानं मी फ्लॉपी परत केली. नवख्या माणसाला शंभर पानं वाचायला लावतं ते साधन कितीही मोठं असो, कपाटात ठेवावं, हे माझं मत तेव्हा झालं आणि अजून आहे.

मग सोपी युक्ती केली. शब्दच नकोत. एक दाबा नाहीतर दोन दाबा. सर खूश झाले, म्हणाले, हे कोणालाही जमेल. गोष्ट खरी होती. मी घरी आईला कागदावर दाखवलं. पाण्यातून जायचं तर एक, वळसा घालायचा तर दोन. तिनं नीट पाहिलं.

"म्हणजे बोलायचं काहीच नाही?"

"नाही. चुकायचं कामच नाही."

"बरं," आई म्हणाली. मी लगेच वही काढली. म्हटलं, उघाडीनंतरचा रस्ता सांग ना, तो राहिलाय. ती म्हणाली, "पुढं विशेष काही नाही." विशेष. माझ्या आईच्या तोंडी हा शब्द! मी वही मिटली.

असे काही महिने गेले. क्लासला एक नवं मशीन आलं, रंगीत स्क्रीनचं, आणि त्यात वेबपानं दाखवणारा प्रोग्राम होता. रोह्यात इंटरनेट कुणी पाहिलेलं नव्हतं, पण पानं आपल्याच मशीनवर लिहून आपल्याच मशीनवर बघता यायची. वर मजकूर लिहायचा, खाली दोन निळ्या ओळी, एकीवर टिचकी मारली की एक पान उघडतं, दुसरीवर मारली की दुसरं. नुसता मजकूर लिहायच्या साध्या प्रोग्रामात होत होतं सगळं, शिकायला एक दुपार पुरली. मराठी अक्षरं मात्र हवी होती. ती पेणला एका छापखान्यात मिळतील असं कळलं, लग्नपत्रिका छापायचे ते लोक. मी एका सुट्टीला एसटीनं पेणला गेले.

छापखान्याच्या मालकांनी अक्षरं फ्लॉपीवर दिली आणि काय करणार आहे ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "आधी कागदावर मांडून बघा. आम्ही कितीही मशिनी आणल्या तरी आधी कागदावरच मांडतो." आणि रद्दीतला एक गठ्ठा माझ्या हातात दिला. नवरदेवाचं आडनाव चुकलेल्या पत्रिका, मागची बाजू कोरी. जाड कागद, हातात धरायला छान. गठ्ठा मांडीवर घेऊन मी रोह्याला आले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत फरशीवर पत्रिका मांडायला बसले. एका पत्रिकेवर घर, एकीवर बांध, एकीवर खचलेला बांध, एकीवर उघाडी. प्रत्येकीच्या खाली दोन वाटा लिहायला जागा. ज्या वाटेनं गेलं ती पत्रिका पुढं ठेवायची. अष्टमीतल्या त्या लहान खोलीत आजोबांच्या आगराकडं जाणारी वाट दारापासून भिंतीपर्यंत पसरली. खाडी मी भिंतीकडं, सगळ्यांत वर मांडली. शाळेतल्या नकाशात वरची बाजू ती पुढची, तसं.

आई जवळ्यानं भरलेलं सूप घेऊन ओट्याकडं निघाली होती. पत्रिकांमुळे तिला पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून थांबली. नुसती बघत राहिली. मी बोलले नाही. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी मुद्दाम गप्प राहिले अशी ती पहिलीच वेळ असेल.

"हे काय?"

"वाट."

तिनं वाकून एकेक पत्रिका पाहिली. "चुकलंय," ती म्हणाली.

"कुठं?"

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मला दिसत होतं, तिला राहवत नव्हतं. जिभेवर येत होतं आणि ती गिळत होती. मग पायाच्या अंगठ्यानं तिनं खाडीची पत्रिका थोडी सरकवली.

"खाडी वर मांडलीस."

"नकाशात असं..."

"खाडी कवा वर असंल गो?" आई म्हणाली, आणि मग तिला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "पानी काय चढून जातंय डोंगरान? खाडी खाली, आगर खाली, घर वर. तू मानसाला उलटी चालवतेस नी मंग बोलतेस गालात पडला. पडंल नाय तं काय करंल? हो बाजूला."

मी बाजूला झाले. ती लुगडं आवरून फरशीवर बसली आणि सगळी खाडी उचलून दारापाशी आणून ठेवली. मी डोळे पुसले ते तिनं पाहिलं. मग मला म्हणाली, "लिव आता. बगत काय बसलीस?"

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पत्रिकेखालच्या वाटा मी तिच्याच शब्दांत लिहिल्या. व्हय, पान्यातना जातंय. नाय, वलसा घालतंय. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ह्या साधनात मशीनला काहीच समजावं लागत नाही. सगळं लिहिणारीला आधी ऐकून ठेवावं लागतं. मग वाचणारा ओळीवर बोट ठेवतो, झालं. नवख्या माणसाला मी हेच सांगते, कोऱ्या पत्रिका आणि निळ्या ओळी. ह्यापेक्षा जास्त काही पहिल्या खेळाला लागत नाही.

चार वाजेपर्यंत उघाडी झाली, तिच्या पुढची खांड झाली, म्हणजे बांध फुटून पडलेलं मोठं भगदाड, आणि आगर आलं, जिथं आजोबा मिठाच्या राशीला टेकून बसलेले असायचे. वाट पुरी झाली. मी पत्रिका गोळा करून घराची पत्रिका वर ठेवली.

"पयली ती नाय," आई म्हणाली.

"मग कुठली? तू घरूनच निघायचीस ना?"

"शाला."

मला कळेना. लहानपणापासून मी ऐकत आले होते की शाळा फार लांब होती म्हणून आईनं चौथीत सोडली. मी तसं म्हटलं.

"लांब कसली, घराच्या मागं तं हुती," आई म्हणाली. जवळ्याचं सूप तिनं पुढं ओढलं होतं आणि ती निवडायला लागली होती. "मास्तरांनी इचारलं, कविता पाठ केलीस काय. मी बोलली व्हय. केली हुती पाठ. पन पोरा हसली. मास्तर पन हसला, बोलला पयली बोलाया शिक. दुसऱ्या दिसापासना बापाचा डबा मीच मागून घेतला. आय बोलली, शाला? मी बोलली लांब पडतंय."

हे तिनं बाबांनाही कधी सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "आई..." ती म्हणाली, "लिव ना. पयली पत्रिका शाला."

मी लिहिलं. शाळा. खाली पहिली वाट लिहिली, ती तिनंच सांगितली, डबा घेतंय नी आगरान जातंय. घराची पत्रिका तिच्यापुढं जोडली. दुसऱ्या वाटेची जागा रिकामी राहिली.

"आणि दुसरी?" मी विचारलं. "तू शाळेतच राहिलीस तर? तिकडं पुढं काय येतं?"

आईनं गठ्ठ्यातली एक कोरी पत्रिका काढली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि माझ्या हातात दिली.

"ती वाट मना म्हायती नाय," ती म्हणाली. "तिकरं तू गेलीस. तू लिव."